ताठरलेल्या स्नायूचे कोडे उलगडणारा हंगेरियन

'क' जीवनसत्त्वाची आंबटगोड गोळी चघळताना आपल्यापैकी काहींना शाळेच्या पुस्तकातले आल्बर्ट सेंट-जॉर्जी हे नाव आठवत असेल. संत्री, ढोबळी मिरची आणि १९३७ चे नोबेल पारितोषिक एवढ्यावर ही आठवण बहुधा संपते. परंतु या हंगेरियन शास्त्रज्ञाचे अधिक मूलगामी काम नोबेलनंतरचे आहे. ते दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत झाले आणि त्यावर त्यांना नोबेल मिळाले नाही. मेलेला स्नायू ताठ का होतो, या अतिशय जुन्या प्रश्नाचे उत्तर त्या कामातून हाती आले.

मासळी बाजाराची सवय असणाऱ्यांना ही ताठरता नवी नाही. हातात धरल्यावर जो लोंबत नाही तो मासा ताजा, हे घरोघरी ठाऊक असते. मृत्यूनंतर काही काळ मांस मऊ असते, मग ते ताठते आणि पुढे कुजण्याच्या वाटेवर पुन्हा सैल पडते. मासा असो, कोळंबी असो, खेकडा असो वा माणूस, क्रम हाच. न्यायवैद्यक तज्ज्ञ याच क्रमावरून मृत्यूची वेळ ताडतात. पण ताठरतेचे कारण विचारले तर १९४० पर्यंत कोणालाही समाधानकारक उत्तर देता येत नव्हते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी १८६४ साली स्नायूतल्या एका प्रथिनाला मायोसिन हे नाव दिले. रक्त जसे साकळते तसे हे प्रथिन मृत्यूनंतर गोठते आणि म्हणून स्नायू कडक होतो, असा त्यांचा तर्क होता. पुढे त्यात स्नायूत साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाची भर पडली. मृत्यू म्हणजे गोठणे, ही कल्पना मनाला पटणारी असल्याने ती दीर्घकाळ टिकली.

सेंट-जॉर्जी यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील जमीनदार. आईचे माहेर लेनहोसेक घराणे, आणि शरीररचनाशास्त्र हा त्या घराण्याचा जणू वंशपरंपरागत व्यवसाय. आजोबा प्राध्यापक, मामा मिहाय लेनहोसेक तर युरोपात नावाजलेले. लहानपणी आल्बर्ट अभ्यासात इतके सामान्य होते, की घरात त्यांच्याकडून कोणाला फारशी आशा नव्हती. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी संशोधक होण्याचा निश्चय बोलून दाखविला तेव्हा मामांनीच कडाडून विरोध केला. भाच्याने गुण मिळवून दाखविल्यावर मामांचे मन थोडे वळले. मात्र त्यांना स्वतःला मूळव्याधीचा त्रास असल्याने भाच्याचा पहिला शोधनिबंध गुदद्वाराच्या अस्तराविषयी लिहिला गेला. आपल्या विज्ञानातल्या प्रवासाची ही सुरुवात सेंट-जॉर्जी पुढे मोठ्या खुशीने सांगत असत.

पहिल्या महायुद्धात ते सैन्यात वैद्यकीय सेवेत होते. शौर्याबद्दल त्यांना रौप्यपदकही मिळाले. परंतु दोन वर्षे खंदकांत काढल्यावर हे युद्ध हरलेले आहे आणि इथे मरणे निरर्थक आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९१६ साली त्यांनी स्वतःच्या डाव्या दंडात गोळी झाडून घेतली, शत्रूची गोळी लागल्याचे सांगितले आणि घरी परतून १९१७ मध्ये वैद्यकीय पदवी पूर्ण केली. हा प्रसंग त्यांनी पुढे लपविला नाही. भ्याडपणा म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. पण याच माणसाने सत्तावीस वर्षांनी काय पत्करले, ते पाहिल्यावर असा निवाडा करणे अवघड होते.

युद्धानंतरची दहा वर्षे भटकंतीची होती. प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, लायडन, ग्रोनिंगेन. पत्नी कोर्नेलिया आणि लहान मुलगी बरोबर, आणि पैशाची कायम चणचण. १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत केंब्रिजचे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी भाषणात त्यांच्या कामाचा उल्लेख केला आणि त्या एका उल्लेखाने केंब्रिजचे दार उघडले. तिथे अधिवृक्क ग्रंथीतून त्यांनी एक अपरिचित पदार्थ वेगळा केला. तो नेमका कोणता हे ठरेना, म्हणून त्याला अज्ञानावर कोटी करणारे नाव देऊन ते मोकळे झाले; संपादकांना हा विनोद रुचला नाही. मायदेशी सेगेद विद्यापीठात आल्यावर १९३२ साली जोसेफ स्विरबेली या सहकाऱ्याच्या मदतीने तो पदार्थ म्हणजेच 'क' जीवनसत्त्व हे सिद्ध झाले. अमेरिकेचे चार्ल्स किंग यांनीही त्याच सुमारास तोच दावा केला आणि श्रेयाचा वाद बरीच वर्षे रेंगाळला. शुद्ध जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात मिळविण्याची अडचण मात्र जेवणाच्या टेबलावर सुटली. पत्नीने वाढलेली पाप्रिका मिरची खाण्याची इच्छा नव्हती, म्हणून ते ती प्रयोगशाळेत घेऊन गेले. सेगेद हे पाप्रिकेचेच गाव. काही आठवड्यांत किलोच्या हिशेबात जीवनसत्त्व हाती आले. १९३७ चे नोबेल पारितोषिक या कामासाठी आणि पेशींतल्या ज्वलनक्रियेच्या शोधांसाठी होते.

नोबेलनंतर मिळालेल्या कीर्तीवर निवांत बसणे शक्य होते. त्यांनी विषयच बदलला. जीवनाचे रहस्य गाठायचे तर जिथे हालचाल डोळ्यांना दिसते तिथे जावे, असे म्हणत त्यांनी स्नायू निवडला. वेळही जुळून आली होती. १९२७ मध्ये हार्वर्ड येथे सायरस फिस्के आणि आपल्या आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूत फॉस्फोक्रिएटिन हा ऊर्जासाठा शोधला होता. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि स्वतंत्रपणे याच फिस्के-सुब्बाराव जोडीने एटीपी म्हणजे ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट शोधले. १९३९ साली सोव्हिएत रशियात व्लादिमिर एंगेलहार्ट आणि त्यांची पत्नी मिलित्सा ल्युबिमोवा यांनी मायोसिन हेच एटीपी फोडणारे विकर असल्याचे दाखविले. आतापर्यंत स्नायूतले बांधकामाचे साहित्य समजले गेलेले प्रथिन हे स्वतःच यंत्र आहे, असा त्याचा अर्थ होता.

सेगेदच्या प्रयोगशाळेत इलोना बांगा या संशोधिका सशाच्या स्नायूच्या खिम्यातून पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणाने मायोसिन काढत. वीस मिनिटांत काढलेला अर्क पातळ असे. तोच खिमा रात्रभर द्रावणात राहिला तर दुसऱ्या दिवशी हाती येणारा अर्क चिकट आणि दाट असे. अनेकांनी हा फरक चुकीच्या हाताळणीवर ढकलून दिला असता. सेंट-जॉर्जी यांचे कसब असे, की त्यांना यातच प्रश्न दिसला. दाट अर्कात एटीपी टाकताच तो पातळ झाला. त्या दाट अर्काचे बारीक धागे करून ते उकळलेल्या स्नायूरसात सोडले, तेव्हा ते धागे आक्रसले. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात, निव्वळ प्रथिनांची ती हालचाल होती. आयुष्यातला सर्वांत रोमांचक क्षण म्हणून ते या प्रसंगाची आठवण काढत.

दाट अर्कात असे काय अधिक होते? याचे उत्तर ब्रूनो स्ट्राउब या तरुण सहकाऱ्याने १९४२ मध्ये दिले. रात्रभरात मायोसिनबरोबर आणखी एक प्रथिन बाहेर पडत होते. त्याला ॲक्टिन असे नाव देण्यात आले. मायोसिन आणि ॲक्टिन एकमेकांना घट्ट धरतात म्हणून अर्क दाट होतो. एटीपी आले की ती पकड सुटते म्हणून तो पातळ होतो. या मालिकेतले बरेचसे प्रत्यक्ष काम बांगा, स्ट्राउब आणि इतरांच्या हातचे होते, हे इथे आवर्जून नोंदविले पाहिजे. जगाने ते सारे एका नावावर जमा केले.

ताठरतेचा प्रश्न इथून अवघ्या एका पावलावर होता. १९४३ मध्ये त्याच संस्थेतील टी. एर्डश यांनी मृत स्नायूतला कडकपणा आणि त्यातले एटीपीचे प्रमाण एकाच वेळी मोजले. एटीपी जसजसे संपत जाते तसतसा स्नायू ताठत जातो, असे दिसून आले. म्हणजे काहीही गोठत नाही, साकळत नाही. मायोसिनने ॲक्टिनला धरलेले असते, आणि सोडण्यासाठी लागणारे एटीपी उरलेले नसते, इतकेच. इथे आपल्या रोजच्या समजुतीला धक्का बसतो. मूठ आवळायला शक्ती लागते आणि ती आपोआप सुटते, असे आपण धरून चालतो. स्नायूच्या आत गणित निराळे आहे. पकड सोडविण्यासाठी एटीपीचा रेणू मायोसिनच्या डोक्याला येऊन चिकटावा लागतो. तो फुटला की ते डोके पुन्हा पकडायला आणि ओढायला सज्ज होते. जिवंत स्नायू आकुंचन पावत असताना हे पकडणे, ओढणे, सोडणे चालू असते. मृत्यूनंतर पुरवठा थांबतो आणि प्रत्येक डोके पकडलेल्या जागीच अडकून पडते. पुढे स्नायू सैल पडतो तो पकड सुटल्यामुळे नव्हे. प्रथिनांचे धागेच विकरांच्या हल्ल्याने तुटू लागतात म्हणून. केंब्रिजमध्ये बेट-स्मिथ आणि बेंडॉल यांनी १९४७ साली ताठरता आणि एटीपी यांचा हा संबंध सविस्तर मोजमापांनी पक्का केला.

सेगेदचे हे निबंध संस्थेच्या स्वतःच्या पुस्तिकांतून निघाले आणि युद्धामुळे बाहेरच्या जगापर्यंत जवळजवळ पोहोचलेच नाहीत. त्याच काळात त्यांचा लेखक दुसऱ्याच कामात गुंतला होता. हंगेरी जर्मनीच्या गोटात होता. १९४३ च्या आरंभी पंतप्रधान मिक्लोश कालाय यांना विश्वासात घेऊन सेंट-जॉर्जी व्याख्यानाच्या निमित्ताने इस्तंबूलला गेले आणि तिथे त्यांनी दोस्त राष्ट्रांच्या हेरखात्याशी हंगेरीच्या माघारीबद्दल बोलणी केली. जर्मनांना याचा सुगावा लागला. पुढे त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले, आणि मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्यावर ते भूमिगत झाले. स्वीडनच्या वकिलातीने त्यांना स्वीडिश नागरिकत्व आणि आसरा दिला. गेस्टापोचा पहारा तिथेही पोहोचला तेव्हा ते पुन्हा निसटले. आपण यातून वाचू की नाही, याची खात्री नसल्याने स्नायूंवरील सारे काम एका हस्तलिखितात उतरवून त्यांनी ते स्टॉकहोमचे मित्र ह्युगो थिओरेल यांच्याकडे धाडले. १९४५ मध्ये ते स्वीडिश नियतकालिकाच्या पुरवणीत छापून आले आणि ॲक्टिनची ओळख जगाला झाली. खंदकातून सुटण्यासाठी स्वतःवर गोळी झाडणारा तरुण तो हाच.

सोव्हिएत सैन्याने बुडापेस्ट घेतल्यावर त्यांना सन्मानाने वागविण्यात आले. संसदेत जागा मिळाली, राष्ट्राध्यक्षपदासाठीही नाव घेतले गेले. पण नव्या राजवटीचे रंग दिसू लागताच १९४७ साली त्यांनी देश सोडला आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वूड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत आश्रय घेतला. कम्युनिस्ट देशातून आलेला म्हणून संशय आणि त्यामुळे निधीची वानवा, अशी पहिली वर्षे गेली. अखेर १९५० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि आर्मर ही मांस कंपनी यांनी अनुदान दिले. मेल्यानंतर मांस कडक का होते, हा प्रश्न खाटीक व्यवसायाच्या जिव्हाळ्याचा असणे स्वाभाविकच होते.

तिथेच १९४९ मध्ये त्यांनी स्नायू-संशोधनाला एक साधी, स्वस्त आणि विलक्षण टिकाऊ युक्ती दिली. सशाच्या कमरेजवळच्या स्नायूची बारीक जुडी काडीला बांधून निम्मे पाणी आणि निम्मे ग्लिसरीन अशा मिश्रणात थंडीत ठेवायची. पेशीचे आवरण निकामी होते, आतले एटीपी आणि इतर विरघळणारे पदार्थ निघून जातात. उरते ते मायोसिन-ॲक्टिनचे यंत्र, जागच्या जागी, ताठलेल्या अवस्थेत. उणे २० अंशांवर ते महिनोन्‌महिने टिकते. मग हवे तेव्हा काढावे, एटीपी द्यावे, आणि मेलेला तंतू जिवंत स्नायूइतक्याच जोराने ओढू लागतो. ताठरता आता केवळ मृत्यूचे लक्षण राहिली नाही. मुद्दाम निर्माण करून मोजता येण्याजोगी ती एक अवस्था झाली.

या मोजमापाच्या पुढच्या प्रवासात कवचधारी प्राण्यांनी मोठा हातभार लावला. खेकड्याच्या किंवा बार्नेकलच्या स्नायूतंतूंचा आकारच प्रयोगकर्त्याला सोयीचा आहे. समुद्रकाठच्या खडकांना चिकटून राहणारे बार्नेकल दिसायला शिंपल्यासारखे, पण नात्याने खेकड्याचे भाऊबंद. त्यांच्या एका राक्षसी जातीत एकेक तंतू दोन मिलिमीटरपर्यंत जाड भरतो, हे ग्रॅहॅम हॉयल आणि थॉमस स्मिथ यांनी १९६३ मध्ये दाखविले. माणसाचा तंतू याच्या पुढे केसासारखा. शिवाय स्नायूवर जे आडवे पट्टे असतात, त्यांतले अंतर आपल्यात दोन-अडीच मायक्रोमीटर, तर खेकड्याच्या मंद स्नायूंत त्याच्या कितीतरी पट. पट्टा लांब, म्हणजे आतले धागे लांब. धागे लांब, म्हणजे एकाच वेळी पकडणारी डोकी अधिक. नांगीत सापडलेले बोट सहज का सुटत नाही, त्याचे एक कारण हे आहे.

असा तंतू ताठलेल्या अवस्थेत किंचित ताणला तर तो तारेसारखा विरोध करतो. एटीपी असलेला आणि कॅल्शियम काढून घेतलेला तोच तंतू मात्र सहज लांबतो. या दोहोंतील फरकावरून किती डोकी अडकली आहेत, याचा अंदाज बांधता येतो. तंतू आधीच इतका ताणला की मायोसिन आणि ॲक्टिनचे धागे एकमेकांवर येईनासे झाले, तर एटीपी नसतानाही ही ताठरता येत नाही. पकड नेमकी कुठे बसते, ते यावरून कळते. जिवंत स्नायूला आकुंचनासाठी कॅल्शियमचा इशारा लागतो. एटीपी पूर्ण संपल्यावर होणाऱ्या पकडीला तोही लागत नाही. आपल्या स्नायूंत एटीपीच्या मागे सुब्बारावांचे फॉस्फोक्रिएटिन राखीव म्हणून उभे असते; कवचधाऱ्यांत त्या जागी आर्जिनिन फॉस्फेट असते, आणि ते ओटो मायरहोफ व लोमान यांनी १९२८ मध्ये गोड्या पाण्यातल्या क्रेफिशच्या स्नायूतच प्रथम ओळखले होते. हा साठा संपेपर्यंत ताठरता लांबणीवर पडते. मरण्यापूर्वी जीव तडफडला असेल तर साठा आधीच खर्च झालेला असतो आणि शरीर लवकर ताठते.

क्रेफिशवरून आठवले. त्या प्राण्यावर १८८० साली अख्खे पुस्तक लिहिणारे टॉमस हक्सले यांचे नातू अँड्र्यू हक्सले यांनी १९५८ मध्ये टेलर यांच्यासह बेडूक आणि खेकड्याच्या तंतूंवर बारीक विद्युत्‌स्पर्श करून आकुंचनाचा इशारा तंतूत कोठून शिरतो, ते शोधले. दोन्ही प्राण्यांत प्रवेशाची जागा निराळी निघाली.

मात्र १९५४ साली ॲक्टिन आणि मायोसिनचे धागे आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात, हा सिद्धान्त मांडला गेला तो इतरांकडून. अँड्र्यू हक्सले व रोल्फ नीडरगर्के, आणि ह्यू हक्सले व जीन हॅन्सन अशा दोन जोड्यांनी तो एकाच वेळी प्रसिद्ध केला. यांपैकी ह्यू हक्सले व हॅन्सन यांनी सेंट-जॉर्जी यांचेच ग्लिसरीनमधले तंतू वापरले होते. स्वतः सेंट-जॉर्जी प्रथिनांच्या घड्या पडण्याच्या कल्पनेत अडकून राहिले. त्याच वर्षी त्यांना स्नायूंवरील कामासाठी लास्कर पुरस्कार मिळाला, पण त्यांचे मन तोवर विषयातून उडाले होते. एटीपी चिकटताच मायोसिनची पकड सुटते, हे लिन आणि टेलर यांनी १९७१ मध्ये काळाच्या मापाने सिद्ध केले. सेंट-जॉर्जी यांचे चुलतभाऊ अँड्र्यू सेंट-जॉर्जी यांनी विल्यम लेमन यांच्यासमवेत १९७५ पर्यंत प्राणिसृष्टीतल्या नाना स्नायूंची तपासणी केली. खेकडा-शेवंडांच्या चपळ स्नायूंचे नियंत्रण बहुतेक संधिपाद प्राण्यांपेक्षा निराळे, आपल्यासारखे ॲक्टिनच्या बाजूने चालते, असे त्यात दिसले. दरवाजा उघडून देणारा माणूस मात्र या घरात राहिला नाही.

ते कर्करोगाकडे वळले होते. दुसरी पत्नी मार्ता १९६३ मध्ये आणि एकुलती मुलगी नेली १९६९ मध्ये याच रोगाने गेली. पेशीतल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीत कर्करोगाचे मूळ शोधण्याचा त्यांचा प्रयत्न समकालीनांना पटला नाही, आणि त्यातून उपचारही निघाला नाही. सरकारी निधी आटला, तेव्हा १९७३ मध्ये सामान्य लोकांच्या देणग्यांवर त्यासाठी एक प्रतिष्ठान उभे राहिले. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध ते उघडपणे बोलले. १९७८ मध्ये संत स्टीफनचा राजमुकुट अमेरिकेने हंगेरीला परत केला, त्या शिष्टमंडळात ते होते.

वूड्स होल येथील समुद्राकाठच्या घरी २२ ऑक्टोबर १९८६ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी सेगेदच्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ग्लिसरीनच्या नळ्यांत ताठलेले तंतू स्नायूंच्या प्रयोगशाळांतील फ्रीजरमध्ये आजही ठेवलेले असतात. हवे तेव्हा बाहेर काढून संशोधक त्यांच्यावर एटीपीचे थेंब सोडतात.